व्याह्यांचं एकुलतं एक मत

भर सभेत आमच्या व्याह्यांनी अध्यक्षपदासाठी माझं नाव पुकारलं तेव्हा माझे दोन्ही हात पुऱ्यांच्या कणकेत होते. शारजातल्या एका शाळेचा हॉल, शुक्रवारची दुपार, बाहेर डांबर मऊ पडेल असं ऊन, आत आमच्या मराठी मंडळाची दोन-अडीचशे माणसं, आणि मागच्या खोलीत आम्ही बायका जेवणाच्या तयारीला. माइकवरून माझं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, ऐकलं आणि वाटलं, आमच्या ह्यांना काहीतरी झालं. तशीच कणकेच्या हातांनी धावत हॉलमध्ये गेले, तर हे पहिल्या रांगेत धडधाकट बसलेले, मान खाली घालून, आणि सगळा हॉल वळून माझ्याकडे बघतोय. आधी कुणीतरी एकजण हसलं, मग बरेच हसले. व्याही मात्र माइकपाशी ताठ उभे होते, आणि ते हसत नव्हते. असा माणूस अख्ख्या आखातात दुसरा नव्हता, आणि हे आखाताचं नशीबच म्हणायचं.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. एका जहाज कंपनीत हिशेब बघायचे. आम्ही आधी शारजातच रोल्याला एकाच बिल्डिंगमध्ये होतो, नंतर अल नहदाला समोरासमोरच्या फ्लॅटमध्ये. आमचे हे गॅरेजमध्ये फोरमन, मी चौथी पास, आणि व्याही बी. कॉम. उन्हाळ्यात माणसं बनियनवर बसायची, पण व्याही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून असायचे. वरच्या खिशात प्लॅस्टिकच्या पाकिटात मंडळाची घटना. लोक खिशात देवाची तसबीर ठेवतात, हे घटना ठेवायचे. मंडळाच्या बाकीच्या सभासदांपैकी कितींनी ती वाचली होती देव जाणे, पण व्याह्यांची पाठ होती. त्यातलं एक वाक्य ते जेवताना, चालताना, लिफ्टमध्येसुद्धा म्हणायचे: प्रत्येक सभासदाला कोणत्याही पदासाठी उभं राहण्याचा आणि आपल्या पसंतीच्या माणसाला मत देण्याचा हक्क राहील. ‘आपल्या पसंतीच्या’ म्हणताना बोट वर जायचं. लिफ्टमधला पठाण बिचारा मान डोलवायचा.

हे वेड कुठून आलं ते आधी सांगते, नाहीतर माणूस नुसताच चक्रम वाटेल. त्या काळी आपल्याकडे मत एकविसाव्या वर्षी मिळायचं, आणि व्याही विसाव्या वर्षीच मुंबईहून बोटीत बसून दुबईला उतरले. हा देश देश व्हायच्या आधी ते इथे पोचले होते. इथे आपण परके, मत कुठलं असणार? आणि परदेशी राहणाऱ्याचं नाव त्यांच्या गावच्या, मिरजेच्या, मतदार यादीत कोण ठेवणार? म्हणजे तीस-पस्तीस वर्षं या माणसाला जगात कुठेच मत नव्हतं. होतं ते एवढंच, आमच्या मंडळाच्या सभेतलं. बाकीच्यांना ती वार्षिक सभा म्हणजे श्रीखंड-पुरी आणि गप्पा. व्याह्यांना ती लोकशाही होती.

त्यांची सगळी तक्रार निवडीबद्दल असायची. आपल्यापुढे यायच्या आधीच दुसऱ्याने निवडून ठेवलेलं काही त्यांना चालत नसे. रोल्याच्या कॅफेटेरियात रोज संध्याकाळी चहा प्यायला जात. मल्याळी पोऱ्या विचारायचा, “साब, चाय?” तर हे खवळायचे. “तुमने कैसे ठरवाया? पहले बोलो, क्या क्या है!” मग तो समोसा, कटलेट, पराठा, ऑम्लेट, अव्होकाडोचा ज्यूस, सगळं म्हणून दाखवायचा. हे डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकायचे आणि सांगायचे, “एक चाय.” भाजीच्या दुकानात ढिगाच्या वरची कलिंगडं घ्यायची नाहीत, कारण दुकानदाराने चांगली दिसणारी पुढे मांडलेली असतात. हे तळातलं ओढायचे. दुकानदार ओरडायचा, “हबीबी, सब सेम सेम!” आणि तोवर निम्मी कलिंगडं फुटपाथवर. एकदा त्यातलं एक घरंगळत कुणाच्या तरी नव्याकोऱ्या गाडीखाली गेलं. आमचे हे गाडीखाली आडवे होऊन ते काढत होते आणि व्याही वर उभं राहून त्यांना समजावत होते की बाकीची कलिंगडं वाईट नसतील, पण ती आपल्यावर लादलेली आहेत.

माझी मुलगी बघायला आले तेव्हाची गोष्ट. बघायला म्हणजे काय, मुलाने आधीच पसंत केलेली, एकाच ऑफिसात दोघं. कार्यक्रम आपला नावाला. माझ्या हातचे पोहे दोनदा मागून घेतले आणि चमचा खाली ठेवून म्हणाले, “माझ्या चिरंजीवांनी एकच मुलगी दाखवली. याला निवड म्हणत नाहीत.” माझ्या मुलीच्या हातात चहाचा ट्रे. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या ताईंनी, कपाळाला हात लावला. मी म्हटलं, “व्हायच्या आधी असं बोलता, व्याही झाल्यावर काय कराल?” तर हात जोडून म्हणतात, “मुलगी उत्तम आहे. माझा आक्षेप माणसाला नाही, पद्धतीला आहे.” हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की झोपेत कुणी विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

नातवाच्या बारशाला तर त्यांनी कहर केला. नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्याने माझ्या मुलीशी बोलून दोन नावं काढून ठेवली होती, त्यातलं एक पाळण्यात सांगायचं, झालं. पाळणा सजला, घुगऱ्या झाल्या, आणि व्याह्यांनी विचारलं, ही दोन कुणी ठरवली? आलेल्या लोकांचं मत घेतलं का? स्टीलचा डबा मागवला, चिठ्ठ्या वाटल्या, आणि जमलेल्या सगळ्यांकडून नावं लिहून घेतली. घरात जेवढी माणसं तेवढी नावं निघाली. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बाईंनी त्यांच्या सासऱ्यांचं नाव टाकलं होतं. मग त्यातून पाच काढायची, मग तीन, मग एक, असं ठरलं. पण पाच कुणी काढायची यावरून पुन्हा तेच! आत्या रुसून मिरजेला गेली आणि पोर नावावाचून राहिलं. पासपोर्ट अडला, पासपोर्टावाचून व्हिसा अडला, मुदत संपत आली, तरी नातू आपला ‘बाळ’. शेवटी जावयांनी एक दिवस ऑफिसातून परस्पर जाऊन अर्जावर आत्याच्या दोनातलं एक नाव लिहून टाकलं. व्याह्यांना कळलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता पुन्हा डबा येतो. ते म्हणाले, “नाव छान आहे.” पुढचं वाक्य सांगायला नको. तोच नातू बोलायला लागल्यावर हे त्याला आइस्क्रीमच्या दुकानात उचलून धरून एकेक रंग दाखवायचे. पोरगं कंटाळून म्हणायचं, “आजोबा, जस्ट गिव्ह मी चॉकलेट!”

आता मंडळाचं. मंडळात दोन गट, दुबईकर आणि शारजाकर. सभेच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी प्रत्येक गटाची बैठक कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये व्हायची. तिथे अध्यक्षपदासाठी एक नाव ठरायचं. दोन गटांची दोन नावं, तीच शुक्रवारी फळ्यावर लिहायची, आणि त्या दोघांतून एकाला मत द्यायचं. तिसऱ्या कुणी उभं राहायचं नाही. परक्या देशात भांडणतंटा नको, हॉल चार वाजता रिकामा करून द्यायचा, म्हणून कुणीतरी काढलेली ही रीत. वाईट हेतू कुणाचा नव्हता. पण साजाच्या कामगार कॅम्पात राहणारी आपली कोकणातली, घाटावरची मुलं वर्गणी भरायची, त्यांना गुरुवारच्या बैठकीला येता येत नसे. कंपनीची बस फक्त शुक्रवारी. आणि आली असती तरी फॅमिली बिल्डिंगचा वॉचमन सात-आठ बॅचलरांना वर सोडतोय होय? व्याही दरवर्षी बैठकीला जायचे, उभं राहून सांगायचे, “ही बैठकच घटनेत बसत नाही. रीत घटनेच्या वर कशी?” त्यांचा आक्षेप लिहून घेतला जायचा. मग ते बसायचे आणि बटाटेवडे खायचे. वडे मी केलेले असायचे, म्हणून मला ठाऊक. सभेतही अगदी शेवटी, ऐनवेळच्या विषयात, ते उभे राहायचे. ते उभे राहिले की लोक चहाला उठायचे.

मला त्यांचं पटत नसे, आणि मी तसं तोंडावर सांगायची. सकाळी ऑफिसला जाण्याआधी ते आमच्या दारात यायचे, आत यायचे नाहीत, उंबऱ्यावर उभं राहूनच चहा.

“विहीणबाई, समजा तुम्ही मला जेवायला बोलावलंत. दोन भाज्या केल्यात आणि म्हणालात, निवडा. वांगं की भेंडी?”

“दोन्ही खा. मी केलंय ना.”

“पण मला कारलं हवं असलं तर?”

“तर घरी जा आणि ताईंना सांगा.”

“बघा! मंडळवाले मला हेच म्हणतात. घरी जा.”

“मग काय चुकलं त्यांचं? तांदूळ शिजत टाकायच्या आधी खडे काढावे लागतातच. अडीचशे माणसांनी अडीचशे नावं घेतली तर सभा संपायची कधी आणि पानं वाढायची कधी?”

“खडे काढा. पण सगळ्यांसमोर काढा. माझा तांदूळ खडा म्हणून फेकणार असाल तर तो मला बघू द्या.”

हे बोलणं बिनतोड होतं. पण तसं त्यांना कशाला सांगू? व्याह्याला वरचढ होऊ दिलं की मुलीचं माहेर खाली गेलं. मी म्हटलं, “चहा निवतोय, प्या.” ते चहा पिऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी कपासाठी हात पुढे करून विचारलं, “मग? सुचलं का काही?” अशी आमची वर्षं गेली.

मग त्यांच्या कंपनीने जुन्या माणसांना घरी पाठवायचं ठरवलं. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि व्हिसा संपला की माणूस संपतो. तीस-पस्तीस वर्षांची भांडीकुंडी आवरायला महिना मिळतो. ताईंनी खोकी भरायला घेतली. त्या वर्षीची सभा ही व्याह्यांची शेवटची सभा होती. कुणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं की हा माणूस आयुष्यभर दोन ठरलेल्या नावांतून एकाला मत देत आला, आणि आता तेही जाणार. व्याही चहाला आले ते नुसते उभं राहून पिऊन गेले. वाद नाही, काही नाही. मला ते बरं वाटलं नाही.

सभेत या वेळी त्यांनी ऐनवेळच्या विषयापर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं होतं. दोन नावं, एक डॉक्टर आणि एक विम्यावाले, फळ्यावर लिहून होताच ते उठले. म्हणाले, “सभासदांना विचारा, या वर्षापुरतं सभेतून कुणाचंही नाव घेता यावं का. विचारायला काय हरकत आहे?” अध्यक्ष पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, सभ्य माणूस. व्याही चालले आहेत हे त्यांनाही ठाऊक. म्हणाले, “बरं, हात वर करा.” पुढच्या रांगांतून चार-दोन हात आले. मागे साजाच्या कॅम्पाची मुलं उभी होती, जेवणाची वाट बघत. त्यांचे सगळ्यांचे हात वर गेले. तेवढे हात पाहून मधल्यांनीही केले. ठराव पास. अध्यक्षांनी हसून खडू उचलला. “लिहू तुमचं नाव?” सगळ्यांची हीच समजूत की इतकी वर्षं हा माणूस स्वतःला उभं राहता यावं म्हणून भांडला. व्याही म्हणाले, “माझं नाही,” आणि माझं नाव घेतलं.

मी आतून धावत आले ती इथे.

अध्यक्ष मला हळू आवाजात म्हणाले, “काकू, तुमची इच्छा नसेल तर नाव मागे घ्या. खलास, विषय संपला.” माझी इच्छा कुठे होती? मला मंडळाचं अध्यक्ष होऊन काय करायचंय? इंग्रजीत सही करायला मी नातवाकडून शिकत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात व्याह्यांकडे बघितलं. त्यांनी माइक बाजूला केला आणि म्हणाले, “विहीणबाई, मागे घ्यायचं असेल तर जरूर घ्या. तो तुमचा हक्क आहे.” आवाज एरवीचाच, पण घटनेचं पाकीट खिशातून हातात आलं होतं. पंचावन्नाव्या वर्षी या माणसाला पहिल्यांदा आपल्या मनातलं नाव फळ्यावर लिहायला मिळत होतं, आणि ते पुसणं माझ्या हातात होतं. मागून कॅम्पातला कुणीतरी ओरडला, “मावशी, राहू द्या! यल्ला, लिहा ओ साहेब!”

“लिहा,” म्हटलं.

मग मला दोन शब्द बोलायला लावले. मी म्हटलं, “मला वाटतं दोनच नावं बरी असतात. हे मी दहा वर्षं या माणसाला सांगतेय. मला मत देऊ नका. कुणाला अगदीच राहवत नसेल तर द्या. आणि पुऱ्या लाटायच्या राहिल्यात.” आणि आत गेले. म्हणतात टाळ्या फार झाल्या. मी कढई तापवत होते.

डॉक्टर निवडून आले. मला एकोणीस मतं पडली. ती माझ्या पुऱ्यांना पडली असं माझं मत, पण हॉल रिकामा करताना कॅम्पाची मुलं मला सरपंच निवडून आल्यासारखी खांद्यावर घ्यायला निघाली होती, त्यांना लाटणं दाखवून पळवावं लागलं.

परतताना गाडीत मी व्याह्यांना विचारलं, “माझंच नाव का?”

“गुरुवारच्या बैठकीत जे नाव कधीच येऊ शकलं नसतं, असं एक हवं होतं.”

“म्हणजे मी नमुना?”

“हो.”

मला राग आला. ताई पुढच्या सीटवर होत्या, त्या मागे वळल्या. “खोटं बोलतायत. रोज ऑफिसातून आल्यावर काय म्हणायचे माहितीये? आज विहीणबाईंनी मला गप्प केलं, उद्याला उत्तर शोधतो. बाकी सगळे ऐकायच्या आधी चहाला उठायचे. तुम्ही भांडायचात.” मी व्याह्यांना विचारलं, “आणि तुम्ही मत दिलंत तरी कुणाला?” तर म्हणाले, “मतदान गुप्त असतं, विहीणबाई.” त्यांनी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. ताईंनाही नाही.

महिनाअखेरीला ते मिरजेला गेले. विमानतळावर नातू त्यांच्या पायाला मिठी मारून “व्हेन आर यू कमिंग बॅक?” म्हणून विचारत होता. व्याही इन्शाल्ला म्हणाले आणि आत गेले.

मिरजेला गेल्या गेल्या त्यांनी मतदार यादीत नाव घालायच्या खेपा सुरू केल्या. पुढची निवडणूक आली, त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही फोनचं कार्ड लावून फोन केला. फोनवर व्याही तापलेले. “उमेदवार सहा, आणि सहाच्या सहा दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेले! केंद्रावरच्या बाईंना मी विचारलं, ही नावं कुठल्या बैठकीत ठरली? त्या म्हणाल्या, आजोबा, पुढे चला.”

“मग दिलंत की नाही मत?”

“दिलं.” थोडं थांबून म्हणाले, “शाई लावली बोटाला.” आणि मग बोललेच नाहीत. इकडे कार्डाचे पैसे चालले होते, मागून मुलगी घड्याळ दाखवत होती, पण मी तसाच फोन धरून बसले. त्या माणसाला बोलायला सुचत नाही असं किती वेळा होणार?

त्यानंतर एक हिवाळा गेला आणि दुसऱ्यात व्याही गेले. झोपेतच गेले. पुढे ताई गेल्या, मग आमचे हे. मी आता मुलीकडे दुबईत अल बर्शाला असते. मंडळ मोठं झालंय, दोन गटांची बैठक केव्हाच बंद पडली, आता कुणीही नाव देतं. एवढी नावं येतात की निकाल लागेपर्यंत जेवण गार होतं. हे व्याह्यांना सांगायला हवं होतं, पण सांगणार कुणाला? सकाळी चहा होतो, आणि भांडायला दारात कुणी येत नाही.

त्या वर्षी फळ्यावर तीन नावं होती. डॉक्टर पुढे कॅनडाला गेले, तिथेच वारले. विम्यावाले नाशकात वारले. तिसरी मी. मी आहे.